वानोळ्यात गेलेली गाणी

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. त्यात लोकांनी मिळून लिहिलेलं एक पान सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणजे आगीत तेलच.

पान इंटरनेटवरचं. विषय साधा: एकाच घरात, एकाच वायफायवर दोन-तीन कॉम्प्युटर आणि चार फोन असतील, तर एकाच्या फायली दुसऱ्याला कशा दिसतील, त्या पायऱ्या मराठीत. पान कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. सार्वजनिक विहिरीसारखं. पाणी सगळे भरतात आणि गाळ काढायला एकच जण उतरतो. ती उतरणारी मी, जळगावातल्या एका कॉलेजच्या कचेरीतली बाई. दुपारचा डबा झाला की पान उघडायचं आणि कोणी काय घोळ घालून ठेवलाय ते निस्तरायचं. एक जण प्रत्येक पायरीच्या शेवटी 'राऊटर बंद करून चालू करा' लिहून जायचा. फैजपूरकडच्या कोणीतरी नमुना फोल्डर म्हणून आपल्या केळीच्या बागेचे फोटो चढवले होते. घड फार देखणे होते, म्हणून ठेवले.

पण खरे वैरी म्हणजे नाना. धुळ्याचे, निवृत्त मास्तर. पानावर ते नावाऐवजी 'नाना, धुळे' असंच लिहायचे. सहाव्या पायरीवर मी लिहिलं होतं, 'फोल्डर सगळ्यांना फक्त बघता येईल असं ठेवा. बदलण्याची परवानगी घरातल्या एखाद्यालाच द्या.' नानांनी ते खोडून लिहिलं, 'सगळ्यांना पूर्ण परवानगी द्या.' कारणाच्या चौकटीत टीप: 'पाव्हण्याला भरलेलं ताट दाखवायचं आणि हात लावू नको म्हणायचं, ही आपली रीत नाही.'

मी बदललं. त्यांनी परत बदललं. वयाने मोठा माणूस, नुसतं खोडता येईना. दर वेळी 'नाना, नमस्कार' लिहायचं, तब्येत विचारायची आणि मग त्यांचं वाक्य उडवायचं. तेही 'बेटा, आशीर्वाद' लिहून माझं उडवायचे. इतक्या प्रेमाने भांडण मी सासरीसुद्धा केलेलं नाही.

पुढे त्यांची नजर नवव्या पायरीवर गेली. तिथे होतं, 'दुसऱ्याच्या फोल्डरातली फाईल हवी असेल तर कॉपी करून घ्या.' नानांनी केलं, 'कट करून घ्या.' कारण: 'एकच वस्तू दोन घरी कशाला? जागेचा नास.' तेव्हा आमच्याकडे परीक्षेचे फॉर्म चालू होते, मान वर करायला फुरसत नव्हती. आठवडाभर पान तसंच राहिलं.

त्याच सुमारास, श्रावणात, पानाखालच्या चर्चेत एका बाईंनी लिहिलं, 'तुमच्या पायऱ्या तंतोतंत केल्या आणि माझ्या आईची गाणी गेली.' खाली काही नाही. मी कपाळावर हात मारला. निरोप पाठवला, नंबर मिळवला, फोन लावला. बाई शिरपूरच्या निघाल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले.

अक्कांची आई धुळ्याला राहायची, दोन पावसाळ्यांआधी गेली. आमच्याकडे श्रावणात कानबाई ही देवी बसवतात, तिची सगळी गाणी आईला पाठ. अक्का माहेरी गेल्या की दुपारी आईला बसवायच्या आणि फोनवर गाणी भरून घ्यायच्या. तो फोन पुढे पाण्याच्या टाकीत पडला, पण गाणी त्याआधीच घरच्या लॅपटॉपमध्ये उतरवली होती. सुना-नातवंडांना वायफायवर ऐकता यावीत म्हणून आमचं पान वाचून फोल्डर सगळ्यांसाठी मोकळं केलं, पूर्ण परवानगीसकट. आणि आता फोल्डर होतं, आत काही नव्हतं.

"अक्का, घरी कोणी आलं होतं का?"

"कानबाई झाल्यावर भाऊ आला होता धुळ्याहून. त्यानेच तर हे पान दाखवलं मला. तो म्हणाला, गाणी नेऊ का? मी म्हटलं, घेऊन जा ना नाना, वानोळा म्हणून. पाव्हण्याला रिकाम्या हाताने कशाला पाठवायचं?"

नाना. ज्याने सहावी पायरी मोडली, नववी मोडली, तो बहिणीच्या घरी जाऊन स्वतःच्या पायऱ्यांनी तिची गाणी उचलून घेऊन गेला. नुसतं बघण्याची परवानगी असती तर कट झालंच नसतं.

अक्कांनी त्यांचा नंबर दिला. इतके दिवस ज्यांच्याशी लिहून भांडले, त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जाडाभरडा, वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"गाणी आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत की. सुखरूप."

माझा जीव भांड्यात पडला. "मग अक्कांना परत पाठवा. तुम्ही कट केलीत, त्यांच्याकडे राहिली नाहीत."

"मग घेतली म्हणजे घेतली. मेथीची जुडी वानोळ्यात आणली, तर ती तिच्या घरी पण राहील का?"

"नाना, ही मेथी नाही."

"आणि दिलेला वानोळा परत मागायची पद्धत कुठली?"

मी आवाज चढवला. कचेरीतले दोघे वळून बघायला लागले. मग नाना मुद्द्यावर आले. आमच्या खानदेशात कानबाई बसते तेव्हा घरातल्या पुरुष माणसांच्या हिशेबाने गहू मोजून नैवेद्याचे जाडजूड रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. लग्न होऊन गेलेली लेक, आमच्या बोलीत आंडेर, दुसऱ्या कुळाची झाली, तिला ते चालत नाहीत. सगळ्या घरी इतकं कडक नसेल, नानांच्या घरी होतं.

"कानबाई आमच्या घरची, गाणी कानबाईची," नाना म्हणाले. "आंडेरले रोट चालस का? मग गाणी तरी तिच्या घरी कशी राहतील? मी आता इथं फक्त भाऊबंदांना परवानगी दिली आहे."

"तुम्ही तर सगळ्यांना पूर्ण परवानगी द्या म्हणता!"

"ते पाव्हण्यांना. हे घरचं आहे."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. मी फोन ठेवला आणि पहिलं काम केलं ते म्हणजे दोन्ही पायऱ्या जागेवर आणल्या. या वेळी 'नाना, नमस्कार' लिहिलं नाही.

अक्कांना सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, भावाला बोल लावतील. त्या सरळ अहिराणीत म्हणाल्या, "त्याले सांग. माले रोट नको. मायना आवाज पाहिजे."

हा निरोप मी नानांना शब्दाला शब्द पोचवला. उत्तर आलं नाही. पानावरही ते फिरकले नाहीत. सहावी पायरी जशीच्या तशी राहिली आणि खोटं कशाला बोलू, मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. दुपारी पान उघडायचं, आणि कोणी काही बिघडवलेलंच नाही.

पोळा झाल्यावर त्यांचा फोन आला. आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता.

"बेटा, ती गाणी मी आणल्यापासून उघडलीच नव्हती. आपल्याकडे आहेत, एवढंच बरं वाटायचं. परवा ऐकायला बसलो." मग खाकरले. "प्रत्येक गाण्याच्या आधी आई अक्काशी बोलते. ऐकू ई राहिनं का, माय? सुरू करू का, माय? एकाही गाण्यात मला विचारत नाही. मी तर शेजारच्या खोलीतच असायचो, पेपर वाचत."

मी विचारलं, "मग आता?"

"आता माझ्या हाताने काही करायची भीती वाटते. तू ये."

रविवारी मी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेले. नाना स्टॅंडवरच उभे होते. बुटके, टोपी नीट घातलेली, आणि लॅपटॉप लहान मूल घ्यावं तसा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मी मनात त्यांची उंची फार मोठी करून ठेवली होती. शिरपूरच्या गाडीत खिडकीची जागा त्यांनी लॅपटॉपला दिली आणि स्वतः मधे बसले. वाटेत नरडाण्याला गाडी थांबली. मग म्हणाले, "तिने आत घेतलं नाही तर?" मी म्हटलं, "मग मी दोन्ही पायऱ्या दारातच म्हणून दाखवीन." ते हसले नाहीत.

अक्कांनी दार उघडलं, भावाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चप्पल बाहेर काढ, नुकतंच पुसलंय." एवढंच. आत बसल्यावर आम्हाला पाणी दिलं, भावाला थोडा गूळही दिला. त्यांचा जुना लॅपटॉप उघडला. रिकामं फोल्डर तसंच होतं, 'आई' नावाचं. त्यांनी ते पुसलं नव्हतं.

मी दोन्ही लॅपटॉप त्यांच्या वायफायवर आणले, नानांच्या भाऊबंदांच्या यादीत अक्कांचं नाव घातलं आणि कॉपी सुरू केली. नाना चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होते. एक एक गाणं तिकडे जात होतं. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर नजर टाकली, मग बहिणीच्या, परत आपल्या.

"इथे पण आहे अजून?"

"आहे."

"आणि तिकडं पण?"

"तिकडं पण. कॉपी म्हणजे तेच, नाना."

"मग हे पानावर नीट लिहायला नको?"

"लिहिलं होतं. तुम्ही खोडलंत."

अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. नाना मला म्हणाले, पान उघड. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. आजही नवव्या पायरीखाली ते आहे: 'वानोळा जरूर न्यावा. देणाऱ्याचं घर रिकामं करून नेऊ नये.' पायऱ्यांच्या भाषेत ते बसत नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी खोडलं असतं.

सगळी गाणी आल्यावर अक्कांनी पहिलं लावलं. आधी भांड्यांचा आवाज आला, कोणीतरी पेपरचं पान उलटलं, नानांनी मान खाली घातली. मग आईचा आवाज, बारीक पण स्वच्छ.

"ऐकू ई राहिनं का, माय?"

"हा, ई राहिनं," अक्का लॅपटॉपला म्हणाल्या. "कर सुरू."

नाना उठले आणि त्यांनी घरघरणारा पंखा बंद केला.