मातीतली आई

शिल्पकार म्हणवून घेण्याआधी त्याने अठरा वर्षं कोनशिला कोरल्या. उद्घाटन कुणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, तारीख कोणती. दुसऱ्यांची नावं मोठी करण्यात त्याची उमेद खर्ची पडली. चाळिशी उलटल्यावर तो मातीकाम शिकायला लागला आणि पहिलाच चेहरा केला तो आईचा. हुबेहूब उतरला. शिकवणाऱ्या मास्तरांना कौतुकाचं वावडं होतं, पण तेही म्हणाले, "आता जरा जग बघून ये. डोळा तयार होऊ दे. मग हाच दगडात कर."

निघताना त्याने त्या चेहऱ्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि थोरल्या बहिणीला बजावलं, "ताई, रोज पाणी मार. माती सुकली की तडकते."

सात महिने तो झपाटल्यासारखा हिंडला. संग्रहालयांची दारं उघडायच्या आधी हा पायरीवर हजर, आणि पहारेकऱ्याने हाकलल्याशिवाय हलायचा नाही. शेकडो दगडी चेहरे त्याने वह्यांमध्ये उतरवले. एका भग्न मूर्तीच्या ओठांपुढे तर तीन दिवस ठाण मांडून बसला. आई गेल्याचा निरोप त्याला गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घरी आल्यावर चपला न काढताच त्याने फडकं सोडलं. माती लोण्यासारखी मऊ होती. चेहरा मात्र नव्हता. नाक बसलेलं, डोळ्यांच्या खोबणी भरलेल्या, सगळं गुळगुळीत.

"पाणी मारत होते रोज," ताई म्हणाली. "आई गेल्यापासून फडकं बदलताना तोंडावरून हात फिरवायचे. तेवढंच."

त्याने फोटो शोधला. आईला कॅमेऱ्याचं भय. घरात तिचा एकच फोटो, त्यातही तोंड वळवलेलं. तो तसाच कामाला बसला. ओठ केले आणि मागे सरकून पाहिलं, तर ते त्या भग्न मूर्तीचे. मोडले. कपाळ केलं, तेही कुठल्याशा दालनातलं. डोळा तयार झाला होता खरा, पण त्यात आईला जागा उरली नव्हती. पंधरवडा असाच गेला. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जायचं.

शेवटी तो काकुळतीला आला. "ताई, तुझ्या हाताला ठाऊक असेल. डोळे मीट आणि सांग, नाक कुठवर होतं? गालाचं हाड किती वर होतं?"

ताईने डोळे मिटले, मातीवर तळहात ठेवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग तिला रडू फुटलं.

"मला आता हीच आठवते रे," ती म्हणाली, "गुळगुळीत."