दादाच्या भाषणातली गरिबी

माझा थोरला भाऊ अमेरिकेतल्या एका राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिल्याची बातमी आम्हाला सिंगापूरला, पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये, सकाळी पोहे खाताना मिळाली. दादाचं तिकडे पाट्या आणि बॅनर छापायचं छोटं दुकान आहे. निवडणूक आली की तिकडचे लोक घरासमोरच्या हिरवळीवर आपापल्या उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात. त्या पाट्या तो वीसेक वर्षं छापत होता. दुसऱ्यांची नावं छापून छापून त्याला एक दिवस वाटलं असणार, आपल्या नावात काय वाईट आहे? पक्ष कुठलाच नव्हता. अपक्ष उभा राहिला.

आईला गव्हर्नर म्हणजे राज्यपाल एवढंच माहीत. तिने विचारलं, "नेमणूक कोण करतंय?"

"नेमणूक नाही गं, निवडून यावं लागतं. तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री."

तिने पोह्यांवर लिंबू पिळलं. "मग कशाला या भानगडीत पडतोय? राज्यपाल बरा होता. बंगला तरी मिळतो."

बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते, लाँग टर्म पासवर, म्हणजे इथे राहायच्या लांब मुदतीच्या परवान्यावर. मी एका कंपनीत हिशेब तपासते. सख्ख्या भावाकडेही मी ऑडिटरच्या नजरेने बघते, असं माझा नवरा म्हणतो. बघते खरी. दादा निवडून येणार नाही हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं आणि मला त्याचं विशेष काही वाटलंही नव्हतं. कुणी या वयात मॅरेथॉन पळतं, कुणी निवडणूक लढवतं. मी त्याला शुभेच्छा दिल्या आणि ऑफिसला गेले.

मग त्याचं पहिलं भाषण आलं. टीव्हीवर लावून आम्ही सगळ्यांनी एकत्र बघितलं. दादा एका शाळेच्या व्यायामशाळेत उभा होता, समोर तीसेक खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या. तो इंग्रजीत सांगत होता की तो अतिशय गरीब घरातून आला, वडिलांना दोन वेळचं अन्न मिळवणं कठीण होतं आणि कित्येक रात्री तो उपाशी झोपला.

आईला इंग्रजी बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं. तिने रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

बाबा सांगलीला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. आम्ही श्रीमंत अजिबात नव्हतो. शाळेचा नवा गणवेश मोठ्या मापाचाच शिवला जायचा. पण आलेला माणूस काही खाल्ल्याशिवाय परत गेलेला बाबांना चालत नसे. विजेचं मीटर बघायला आलेला माणूससुद्धा बशीभर चिवडा खाऊन जायचा. महिनाअखेरीला पाहुणे आले तरी आई शिरा करायची आणि तो कसा जमवला हे कुणाला कळू द्यायची नाही. तीच तिची आयुष्यभराची मिजास होती, आणि ती सार्थ होती.

"मी काय पोरांना उपाशी ठेवत होते?" आई म्हणाली. "ह्यांचं नाव मातीत घातलं त्याने. परक्या लोकांसमोर."

मी दादाला फोन केला. तो जराही ओशाळला नाही. "अगं, इथे लोकांना हेच लागतं," तो म्हणाला. "माझे वडील हेडक्लार्क होते आणि आमचं बरं चाललं होतं, असं सांगितलं तर मला कोण विचारणार? आणि इथल्या मानाने आपण गरीबच होतो की. फ्रीज कधी आला आपल्याकडे, सांग."

"फ्रीज नव्हता म्हणून तू उपाशी झोपलास?"

"तू ना, प्रत्येक गोष्टीची पावती मागतेस." मग त्याने मूळ काम काढलं. त्याला आईचा एक व्हिडिओ हवा होता. अर्ध्या मिनिटाचा. तिने फक्त ते दिवस किती हालाखीचे होते ते सांगायचं. मराठीत बोलली तरी चालेल, उलट जास्त चांगलं. खाली इंग्रजी अक्षरं टाकता येतील.

आईने साफ नकार दिला. आठवडाभर ती दादाचा फोन आला की बाथरूममध्ये जाऊन बसायची. मग वहिनीचा फोन आला. दुकान नीट चालत नाहीये, सगळा वेळ प्रचारात जातोय, त्यात आई बोलत नाही म्हणून त्याला झोप लागत नाही, असं तिने सांगितलं. मग आई म्हणाली, "बोलते. पण जे खरं आहे तेच बोलणार."

रविवारी माझ्या लेकीने फोन घेऊन शूटिंग केलं. आई नारायणपेठी नेसून, मोत्याच्या कुड्या घालून सोफ्यावर येऊन बसली. लेक तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आज्जी, ज्वेलरी काढ लाह. यू आर सपोज्ड टू बी पुअर!"

"गप्प बस आणि बटण दाब," आई म्हणाली. मग कॅमेऱ्यात बघून तिने शांतपणे सांगितलं, "माझ्या घरात कधी कुणाला अन्नाला तोटा पडला नाही. एकदाच हा उपाशी झोपला. सायकल हवी म्हणून रुसला होता. मी खूप विनवलं, पण जेवला नाही. त्या रात्री ह्याचे बाबाही जेवले नाहीत. ताटावरून उठले."

हे मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा फार लहान असणार. बाबा ताटावरून उठले असतील हे मात्र मला लगेच डोळ्यांसमोर दिसलं, आणि मला त्यांची फार आठवण आली.

चारच दिवसांनी व्हिडिओ आला. मागे बासरी वाजत होती. आई म्हणत होती, "हा उपाशी झोपला. त्या रात्री ह्याचे बाबाही जेवले नाहीत." खाली इंग्रजी अक्षरं होती. सायकल गेली होती, रुसवा गेला होता, पहिलं वाक्य गेलं होतं. कुड्या होत्या, पण चेहरा इतका जवळून घेतला होता की त्या धड दिसत नव्हत्या.

"एक शब्द मी बदललेला नाही," दादा फोनवर म्हणाला. ते खरंच होतं. असे हिशेब मी ऑफिसमध्ये पुष्कळ पाहिलेत. मी एवढी चिडले की फोन ठेवून दिला. आईने व्हिडिओ एकदा बघितला, दुसऱ्यांदा लावायला सांगितलं नाही.

दादा हरला. सपाटून हरला. पण व्हिडिओ फिरत राहिला. अमेरिकेतल्या मराठी लोकांनी तो इकडे पाठवला, इकडच्यांनी पुण्याला पाठवला, आणि पुण्याहून तो परत सिंगापूरच्या आमच्या ग्रुपवर आला.

संक्रांतीला सेरंगूनला एका बाईंकडे तिळगुळाला आम्ही दोघी गेलो. दहा-बारा बायका होत्या, बहुतेक बँकांतल्या आणि आयटीतल्या. आम्ही चपला काढतोय तोच यजमानीणबाईंनी आईचे हात हातात घेतले. "काकू, तुमचा व्हिडिओ बघून मी रडले हो. पोराला उपाशी झोपवायचं म्हणजे आईच्या जिवाला काय होत असेल! आणि त्यातून मुलगा कुठल्या कुठे पोचला."

आईने तिळाची वडी तोंडात टाकली. मला वाटलं, आता सांगेल. निवडणूक संपली होती, मतं मिळायची ती मिळून गेली होती, खरं बोलल्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई पुढे सरकली. ती सांगलीची निघाली. तिचे वडील बाबांच्याच कचेरीत होते. "पण काकू," ती अगदी सरळ मनाने म्हणाली, "काका तर हेडक्लार्क होते ना? आमचे बाबा त्यांच्या हाताखाली होते. त्यांना तर चांगला पगार असणार."

सगळ्या आईकडे बघायला लागल्या. यापेक्षा चांगली संधी तिला मिळाली नसती. मी तिच्याकडे बघून हसलेसुद्धा.

आईने पदराने बोटं पुसली. "पगार होता गं," ती म्हणाली. "पण घरापर्यंत यायचा नाही."

एकीने आईच्या पाठीवर हात ठेवला. सांगलीच्या बाईने मान खाली घातली. वडिलांकडून कधी हे ऐकलं कसं नाही, असं तिला वाटत असावं. बाबांनी आयुष्यात चहापलीकडे कशाला हात लावला नव्हता. पगाराचं पाकीट ते न फोडता आईच्या हातात द्यायचे, आणि ती ते देवापुढे ठेवून मग फोडायची.

घरी जाताना पाया लेबार स्टेशनवर आम्ही मेट्रो बदलली. पुढच्या गाडीत बसायला जागा मिळाली तेव्हा मला राहवलं नाही. "आई, तू बाबांबद्दल असं कसं बोललीस? बाबांबद्दल?"

ती समोरच्या काचेत बघत होती. तिच्या हातात यजमानीणबाईंनी दिलेला तिळगुळाचा डबा होता, इतरांना दिला त्याच्या दुप्पट आकाराचा.

"ह्यांना आता कोण काय म्हणणार आहे?" ती म्हणाली. "ते सुटले. दादाला अजून माणसांत राहायचंय."