ताई घरी जशी उभी राहते

माझी सुलोचनाताई म्हणजे उभ्याने जगलेली बाई. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या तिच्या घरी कुणीही येवो, ही ओट्याशी उभी. पोहे, चहा, वर "अजून घ्या ना!" कंबर मोडत असली तरी चेहऱ्यावर हसू. इतकी गोड, की कधीकधी रागच येतो मला.

मागच्या वर्षापासून तिची कंबर दुखायची, पाय बधिर व्हायचा. आडवी झाली की दुखणं गायब, उभी राहिली की हाजिर. झोपवून एमआरआय काढला, तर रिपोर्ट एकदम साफ! झालं! भाऊजी, म्हणजे तिचे शंकरराव, ज्याला त्याला सांगत सुटले, "मशीन क्या झूठ बोलेगी? मनाचं आहे सगळं." माणूस भला हो, पण अक्कल गहाण! आणि एक दिवस ताईच मला म्हणाली, "मंजू, मी खरंच नाटक तर करत नाही ना गं?"

उभ्याने एमआरआय काढणारी मशीन दिल्लीत आहे, असं डॉक्टरांकडून कळलं. मीच नेलं तिला. बांगड्या, मंगळसूत्र माझ्याकडे देऊन ताई मशीनमध्ये गेली, तिथे दिलेला गाऊन चापूनचोपून नीट केला आणि ताठ उभी राहिली. चेहऱ्यावर तेच पाहुण्यांसाठीचं हसू!

"अगं बये, इथेही?" मी कपाळावर हात मारला. "भैया, ये घर में ऐसी सीधी कभी नहीं खड़ी रहती!"

टेक्निशियन हसला. "आंटीजी, पासपोर्ट का फोटो नहीं है. गैस के सामने जैसे खड़ी रहती हो, वैसे."

ताईने माझ्याकडे बघितलं. मग पुढे वाकली, एका पायावर भार टाकला, मशीनच्या दांड्यावर हात टेकला. हसू गेलं. मशीन ठकठकत होती तोवर ती तशीच राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

डॉक्टरांनी चित्र दाखवलं. कंबरेतला एक मणका पुढे सरकलेला. झोपलं की जागेवर जातो, वाकून उभं राहिलं की सरकतो. पट्टा, व्यायाम, नाहीतर ऑपरेशन. दुसरी कुणी घाबरली असती. ही रडत रडत हसली, "मंजू, मी खोटी नव्हते गं!"

इंदूरला परतलो त्या संध्याकाळी मानपूरहून भाऊजींचे मित्र दौलतराव आले. ताई सवयीने उठली, थांबली आणि परत खुर्चीत बसली.

"अहो, चहा तुम्ही टाका," पाहुण्यांदेखत ती म्हणाली. "माझी कंबर दुखतेय."

भाऊजी उठून ओट्याकडे गेले.