यायनं भरलेली टाकी

समोरच्या दवाखान्यात नवऱ्याला डबा आणणाऱ्या त्या बाई रोज सदर भागातल्या आमच्या पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावत. गाडी विजेवर चाले, बॅटरी उतरली की पेट्रोलवर. एकदा त्यांनी मला घराकडे सोडलं. भर उन्हात एसी बंद, डोक्यावर ओला दुपट्टा. सिग्नल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढत. मागचे हॉर्न मारून दमले.

घामाघूम होऊन मी विचारलं, "काकू, एवढं पेट्रोल काहून वाचवता?"

"ही टाकी आमच्या यायनं भरली होती, दवाखान्यात भरती व्हायच्या आधी. पुढची बी तेच भरतीन. तोवर पुरवून राहिली मी."

काल पेट्रोलपंपावर तीच गाडी दिसली. स्टिअरिंगवर हडकुळे काका होते. बाई शेजारी, काचा वर, एसी सुरू.