मामाजींची खाट आणि पट्ट्यांचा रोबोट

आमचा रोबोट मामाजींच्या खाटेपासून बनलेला आहे, आणि खाट घेताना मी त्यांना विचारलं नव्हतं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. अकोटजवळ आमचं वांग्याचं शेत. पावसाळ्यात काळी माती अशी धरते, की चाकाची कुठलीही गाडी दहा पावलांत बसते. मग वांग्याचे क्रेट डोक्यावरून सडकेपर्यंत न्यायचे. (डोकं माझं.) एकदा कालव्यावर खोदकामाचं पोकलेन आपल्या पट्ट्यांवर चिखलातून आरामात जाताना पाहिलं आणि ठरवून टाकलं. चाकं नाहीत, पट्टे. रिमोटवर चालणारा, क्रेट वाहणारा, पट्ट्यांचा रोबोट.

माहेरी शेंदूरजनाघाटला आमचं वेल्डिंगचं दुकान होतं. धाकटा भाऊ गजू इंजिनिअर होऊन अमरावतीला गेला, मी वांग्यात आले. पण वेल्डिंग माझंच सरळ, हे बाबासुद्धा कबूल करत. तर खाटेच्या लोखंडाचा सांगाडा झाला. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधला रबरी पट्टा कापून दोन्ही बाजूंना चढवला, भंगारातल्या ई-रिक्षांच्या दोन मोटरा बसवल्या. गजूला फोटो पाठवले. तो फोनवर म्हणाला, "ताई, वळताना पट्टा निसटते. आतून खिट्ट्या लाव, नाही तं सरळ चाकं लाव."

मी खिट्ट्या लावल्या नाहीत. त्यानं सांगितल्या होत्या म्हणूनच लावल्या नाहीत.

अंगणातल्या फरशीवर रोबोट राजासारखा चालला. तेव्हा मी गजूला मुद्दाम अमरावतीहून बोलावलं, तेही भर चिखलाच्या दिवशी. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजारपाजारचे वीसेक लोक जमले. एकानं विचारलं, रोबोट आहे तर तोंड कुठं आहे. मी क्रेट चढवायला घेतले, तोच मामाजी पुढे आले.

"माही खाट हाय. पयले मी बसतो."

यावर वाद घालायला मलाही तोंड नव्हतं. मामाजी टोपी सारखी करून बसले. रोबोट निघाला आणि, खरं सांगते, चिखलाला ओळखसुद्धा न देता पुढे गेला! मी गजूकडे बघितलं नाही, इतकं मला त्याला दाखवायचं होतं. मग वळणाचं बटण दाबलं. डावा पट्टा निसटला. उजवा मात्र इमानदार निघाला. तो ओढतच राहिला, आणि मामाजी गोल फिरू लागले. माझ्या चिखलाच्या बोटानं बटण जे आत रुतलं, ते वर येईना. नवरा बॅटरीची वायर उपसायला धावला, पण बॅटरी नेमकी मामाजींच्या खाली होती. (ती जागा मीच निवडली होती.) दर फेरीला मामाजी आमच्यासमोरून जात, आणि मागच्यापेक्षा थोडे खाली गेलेले असत. तिसऱ्या फेरीला त्यांनी शांतपणे विचारलं, "नंदा, हे थांबत काहून नाही?"

"टेस्टिंग चालू हाय, मामाजी," मी म्हटलं.

सहाव्या फेरीला रोबोटचं पोट मातीला टेकलं आणि तो आपणच थांबला. भोवती विहीर खणायला घेतल्यासारखा गोल खड्डा. मामाजी उतरले नाहीत. त्यांनी चहा तिथंच मागवला. शेवटी शेजाऱ्याची बैलजोडी लावून रोबोट आणि मामाजी दोघांनाही एकदमच ओढून काढलं.

गजू हसला असता तर मी सोसलं असतं. पण त्यानं पँट दुमडली आणि चाकं किती इंची लागतील ते मोजायला बसला. तिथं माझं टाळकं सरकलं. वीस लोकांसमोर मी सांगितलं, "चाकं लागणार नाहीत. हा पट्ट्यावरच चालन."

आणि चालला. पंधरा दिवसांत मी पट्ट्याला आतून लोखंडी खिट्ट्या कसल्या. (कल्पना माझीच, असं मी अजून सांगते.) त्या इतक्या घट्ट बसल्या, की पट्टा आता निसटत नाही, पण रोबोट वळतही नाही. पाच क्रेट घेऊन नाकासमोर सडकेपर्यंत जातो, तिथून तसाच उलटा मागे येतो. वाटेत जो कोणी असेल, त्यानं बाजूला व्हायचं.

येणारेजाणारे थांबून विचारतात, "वयनी, हे वळत काहून नाही?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा माझ्याकडे बोट दाखवून सांगून टाकतो, "आईवर गेलं."