माझ्या वाटणीचा हंडा

आमच्याकडं माणूस गेल्याचं फोनवर सांगत नाहीत. प्रवासाला निघणाऱ्याला तर मुळीच नाही. "तब्येत जरा जास्त हाय, निघून ये," एवढंच म्हणायचं. परळी तालुक्यातल्या आमच्या गावातून थोरल्या भावाचा असाच फोन आला, तेव्हा मी दिल्लीत नोकरीला होते. अण्णांना, म्हणजे वडिलांना, दम्याचा त्रास जुनाच. वाटलं, पुन्हा दवाखान्यात नेलं असेल. औरंगाबादचं तिकीट काढलं आणि विमानतळ गाठला.

विमान कशाचं सुटतंय! आधी थोडा उशीर, मग आणखी थोडा, आणि शेवटी बिघाड म्हणून रद्दच. काउंटरवर ही झुंबड. मधूनमधून आईचा फोन, "बसलीस का गं?" आवाज घोगरा, मला वाटलं जागरणानं. तिच्या जिवाला आणखी घोर नको म्हणून मी म्हणत राहिले, "बसले, निघालेच आता." ती तिकडं अण्णांच्या उशाशी बसलेली असणार, तिला कुठं विमानाचं रडगाणं सांगत बसू?

काउंटरवरच्या मुलीनं दोन वाटा सांगितल्या. आत्ताच्या हैदराबादच्या विमानात एक जागा आहे, पुढं गाडी करून जा. नाहीतर उद्या सकाळी थेट औरंगाबाद. मी भावाला फोन लावला, विमान रद्द झाल्याचं मात्र बोलले नाही. "खरं सांग, अण्णा कसे आहेत?" तो म्हणाला, "हायेत. तू ये फक्त." हायेत म्हणतोय, म्हणजे आहेत. मग एकटीनं अनोळखी गाडीत एवढं लांब कशाला जा, म्हणून मी उद्याचं तिकीट घेतलं. हैदराबादची जागा माझ्यामागच्या माणसाला मिळाली. त्याची लगबगीनं जाणारी पाठ अजून डोळ्यांपुढं येते.

अण्णा पहाटेच गेले होते. आणि गाव माझ्यासाठी खोळंबलं होतं.

ते साल दुष्काळाचं. टँकर दिवसाआड यायचा. अण्णांनी जन्मभर गावच्या दूध सोसायटीत दूध मोजलं, पण जनावरं चारा छावणीत गेली तशी सोसायटीलाही कुलूप लागलेलं. नाहीतर त्यांना ठेवायला तिथूनच बर्फ मिळाला असता. भावानं परळीहून लाद्या आणल्या, त्या दुपारपर्यंत विरघळल्या. मातीहून, अंत्यविधी उरकून आलेल्यांना अंघोळ लागते, म्हणून आळीतल्या बायकांनी त्या दिवशीचं टँकरचं पाणी हंड्यांत झाकून ठेवलं. खरकटी भांडी तशीच पडली, धुणं तसंच. सगळ्यांना वाटत होतं, पोरगी विमानात बसलीय, येतेच आहे.

ऊन कलताना भावाचा फोन आला.

"आता खरं सांग. कुठं हायस तू?"

"दिल्लीतच. आता तू खरं सांग."

तो एकदम लहान लेकरासारखा रडायला लागला. मी म्हणाले, "थांबू नका. उन्हाळ्याचं ठेवू नका त्यांना." परक्या माणसांच्या गर्दीत बसून मी माझ्या बापाची माती उरकायला सांगितली. राग तरी कुणावर काढायचा? मला जपायला ते खोटं बोलले, त्यांना जपायला मी. जळो असलं जपणं! बापाचं तोंड दिसलं नाही मला त्याच्यापायी.

दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा अण्णांची खाट भिंतीला टेकून उभी केलेली होती. आईनं मला पोटाशी धरलं नाही. आधी न्हाणीत नेलं. तिथं एक भरलेला हंडा होता, वर ताट, ताटावर दगड.

"तुझ्या अंघोळीचं हाय," ती म्हणाली. "काल वाट बघता बघता पाव्हणं लई जमलं. पाणी पुरलं न्हाई. ह्यांना अर्ध्या बादलीतच घातली शेवटची अंघोळ. पर ह्या हंड्याला मी कुणाला हात लावू दिला न्हाई. म्हणलं, लांबून येतीय लेक, तिला लागंल."