मनांग फेलिंगचं उघडं दार

आमच्या गावात कुणी गेलं की आधी पाद्रीबाबांना कळवतात आणि लगेच मनांग फेलिंगला, म्हणजे आमच्या फेलिंगताईला. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणतात, मनांग कॅमेरा लावते. अर्धं गाव हाँगकाँगला, रियाधला, नाहीतर कुठल्यातरी बोटीवर. त्यांनी आईबापाचं तोंड शेवटचं बघायचं कसं? मनांगच्या कॉम्प्युटरवरून, इंटरनेटवरच्या तिच्या पानावर. मी तोयांग. मयताच्या घरी कॉफी-बिस्किटं फिरवते आणि जागरणाला पत्ते कुटत बसलेल्या पुरुषांना ओरडते, त्यामुळे तिची सगळी तऱ्हा मला ठाऊक.

तिचा नवरा बोटीवर वारला आणि तिकडेच कुठेतरी त्याला पुरलं. हिला तोंड दिसलं नाही. तेव्हापासून बाई हट्टालाच पेटली, की आपल्या गावातलं कुणी असं तडफडायचं नाही. पण कामाची पद्धत म्हणाल तर बोंब! पडद्यावर काहीही उगवलं की न वाचता दाबायची: 'हो', 'हो', 'पुढे जा'.

"अगं, वाच तरी," मी म्हणायचे.

"वाचत बसले तर मढं कुजेल," ती म्हणायची.

मयताची पेटी घरात असेपर्यंत दार लावायचं नाही, हा आमचा रिवाज. कुणीही यावं, बघावं, कॉफी प्यावी; वैऱ्यालासुद्धा हाकलायचं नसतं. मनांगने हाच रिवाज कॉम्प्युटरलाही लावला. तिचं पान सगळ्या जगाला उघडं, खाली कुणीही काहीही लिहावं. बँकेत नोकरी करणारी तिची भाची अ‍ॅनालिन हिला तिता म्हणते, म्हणजे मावशी; ती सांगून सांगून थकली. "तिता, निदान ओळखीच्यांपुरतं ठेव." त्यावर ही म्हणे, "बंद दारं तुझ्या बँकेत ठेव. मयताच्या घरी नकोत."

मग लोला इस्तिंग गेली, सगळ्या गावाची आजी. तिची एकुलती एक मुलगी मेर्लिन हाँगकाँगला दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला सांभाळते. रजा मिळाली नाही. तिच्या फोनची काच फुटून पडदा काळा झालेला, नुसतं बोलता येतं. दफनाच्या दिवशी दुपारपुरता मालकिणीने आपला लॅपटॉप दिला. मेर्लिनने एवढंच मागितलं होतं: "मनांग, पेटी बंद होण्याआधी आईचं तोंड दाखव. मला बाकी काही नको."

जेवणं उरकली, कॅमेरा लागला. मेर्लिनचा फोन आला, चित्र अंधूक दिसतंय. नेमकं त्याच वेळी कुण्या अनोळख्याने खाली लिहिलं, 'इथे स्वच्छ दिसेल', आणि पुढे लिंक. मनांगने ती दाबली. पडदा लालभडक झाला. मी हातात कॉफीचा ट्रे घेऊन मागेच उभी. वाचलं: हे पान धोक्याचं आहे, मागे फिरा.

"मनांग, लाल झालंय गं!"

"ते नेहमीच बोंबलतं."

पुढे जायचं बटण तळाशी बारीक अक्षरात लपलेलं होतं. बाईने चष्मा वर करून ते शोधून काढलं, बरं का! पुढचं पान म्हणालं, तुमचा ब्राउझर जुना झालाय, नवा घ्या. तोही घेतला.

थोड्या वेळाने तिच्याच पानाने तिला बाहेर काढलं. पासवर्ड घेईना. आणि माझ्या फोनवर तिच्या नावाने निरोप आला: 'लोला इस्तिंगचं दर्शन इथून पाहा.'

"हे तू पाठवलंस?"

"मी? मी तर इथे बसलेय!" तिने माझा फोन ओढून घेतला. तोवर घरभर फोन वाजायला लागले. निरोप तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला गेला होता.

तिने अ‍ॅनालिनला फोन लावला. अ‍ॅनालिन ओरडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "ब्राउझरने दार लावलं होतं, तिता. कडी तू काढलीस. आता तो कॉम्प्युटर बंद कर. सगळ्यांना सांग, ते दाबू नका. मेर्लिनला तोयांगच्या फोनवरून दाखव."

मनांग मेर्लिनला फोन लावू लागली. लागेना. परत लावला, लागेना. पाद्रीबाबा घड्याळ बघायला लागले, पुरुषांनी पत्ते खाली ठेवले. तशी ही पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

"फादर, थांबा. माझ्या नावाने आलेलं कुणी काही दाबू नका. मी घाण करून ठेवलीय. मीच."

तेवढ्यात मेर्लिनचाच फोन आला.

"मनांग, लॅपटॉप वेड्यासारखा करायला लागला गं. पडद्यावर नुसत्या खिडक्यांवर खिडक्या. मालकीण चिडली, बंद करून घेऊन गेली."

"तू ते दाबलंस? लाल पान नाही आलं?"

"आलं ना. मागे फिरा म्हणत होतं."

"मग गं बाई?"

"तुझं नाव होतं ना, मनांग. म्हणून पुढे गेले."

मनांग मटकन खाली बसली. मला तिचा राग आला होता, चांगला सणसणीत. तो कुठे गेला कळलंच नाही. पाद्रीबाबा हळूच म्हणाले, गाडी दारात उभी आहे. मनांग उठली आणि फोन कानाला लावून पेटीवर वाकली.

"मेर्लिन, पेटी अजून उघडी आहे. तू विचार, मी सांगते."

"कुठला झगा घातलाय?"

"निळा. तू पाठवलेला."

"पाय?"

"बूट नाहीत, आपल्या रिवाजाप्रमाणे. मोजे चढवलेत."

पलीकडे नुसता हुंदका. मग तिने विचारलं, "मनांग, आईचा चेहरा शांत आहे ना गं?"

आम्ही सगळे मनांगकडे बघत होतो. 'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? आणि हिने तर आयुष्यभर न बघता 'हो' म्हटलेलं. तिने चष्मा काढला, आपल्या झग्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

"थांब," ती म्हणाली. "नीट बघून सांगते."